बातमी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मान द्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू



दरवर्षी ६ जानेवारीला आपल्या राज्यात पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. अनेक महाविद्यालयांत त्या दिवशी बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार घातला जातो, गावातल्या पत्रकारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, प्रमुख पाहुणे लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर बोलतात, आभारप्रदर्शन होते आणि सभागृह रिकामे होते. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला टाळ्या वाजवण्यापलीकडे काही येत नाही. हे चित्र बदलणे आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र आपल्याला आणि सर्वांदेखत.

माझी मागणी अशी : येत्या पत्रकार दिनापासून प्रत्येक विद्यापीठाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पत्रकारिता पुरस्कार सुरू करावा. तो निबंधाला, कवितेला किंवा वक्तृत्वाला नसावा. जागेवर जाऊन, माणसांशी बोलून, कागद तपासून लिहिलेल्या आणि कुठेतरी छापून आलेल्या बातमीला किंवा वार्तालेखाला तो मिळावा. आणि त्या लेखनाबद्दल विद्यार्थ्याला त्याच्या महाविद्यालयात कसलाही त्रास होणार नाही, अशी लेखी हमी विद्यापीठाने द्यावी. पुरस्कार आणि ही हमी बरोबरीने आली पाहिजेत. हमीशिवायचा पुरस्कार म्हणजे प्रशस्तिपत्रांच्या गठ्ठ्यात आणखी एक प्रशस्तिपत्र.

मी पदवी महाविद्यालयात मराठी शिकवत आले. वार्षिकांकाचे संपादन, मुद्रितशोधन, छापखान्याच्या खेपा आणि पुढे नियतकालिक स्पर्धांचे परीक्षण, हे सगळे त्या ओघात आले. आपल्याकडे महाविद्यालयीन नियतकालिकांची परंपरा मोठी आहे. शिवाजी विद्यापीठासारखी विद्यापीठे संलग्न महाविद्यालयांच्या नियतकालिकांची स्पर्धा वर्षानुवर्षे घेत आली. मराठीतल्या कितीतरी कवींची आणि कथाकारांची पहिली अक्षरे कॉलेजच्या अंकातच छापून आली. या परंपरेबद्दल मला अतीव आदर आहे.

तरीही परीक्षणासाठी आलेले अंक एकापाठोपाठ एक वाचले की एक उणीव डोळ्यांत भरते. अध्यक्षांचे आणि प्राचार्यांचे मनोगत असते, गुणवंतांची छायाचित्रे असतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल असतो. आईवरच्या कविता असतात, पर्यावरण, स्त्रीशिक्षण, मोबाइलचे दुष्परिणाम यांवर निबंध असतात. बातमी मात्र नसते. ज्या गावात, ज्या इमारतीत, ज्या वसतिगृहात तो विद्यार्थी तीन वर्षे काढतो, तिथे त्या वर्षी काय घडले, हे अंकावरून कळत नाही. मुखपृष्ठावरचे साल बदलले तर आतला मजकूर दहा वर्षांपूर्वीचा म्हणूनही खपेल. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आपण ज्याला बक्षीस देतो तेच ते लिहितात. सुंदर भाषा, सुभाषिताने सुरुवात आणि आशावादी शेवट यांना आपण गुण देत आलो. कुणाला तरी प्रश्न विचारून मिळवलेल्या माहितीला गुण देण्यासाठी आपल्या गुणपत्रिकेत रकानाच नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. तालुक्याच्या गावी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने तिचा लेख मला वाचायला पाठवला होता. विषय होता सव्वापाचची एसटी. तालुक्याहून तिच्या गावाकडे जाणारी ती फेरी बंद झाली होती. त्यानंतरची गाडी थेट साडेसातची मुक्कामी. हिवाळ्यात तोवर काळोख पडतो. त्यामुळे त्या वाटेवरच्या मुली शेवटचा तास सोडून चारच्या गाडीने निघत. विज्ञान शाखेच्या मुलींचे प्रॅक्टिकल बुडे. काहींच्या घरच्यांनी काळी-पिवळीने यायला मनाई केली होती, आणि त्यातल्या काहींचे कॉलेजच सुटण्याच्या बेतात होते.

ही मुलगी वही घेऊन काही संध्याकाळी स्थानकावर उभी राहिली. कोणती गाडी किती वाजता फलाटाला लागली, किती वाजता सुटली, तिच्यात कॉलेजच्या किती मुली चढल्या आणि कोणत्या फाट्यावर उतरल्या, हे तिने लिहून काढले. वाहकाशी बोलली, वाहतूक नियंत्रकाशी बोलली. शेवटी आगार व्यवस्थापकांपुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला बसवून घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. चालक कमी आहेत, ही पहिली. दुसरी अशी, की फेरी सुरू ठेवण्यासाठी महाविद्यालयाकडून लेखी मागणी लागते आणि ती आगाराकडे कधी आलीच नव्हती. मुलीने महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारले, तेव्हा तिथेही तसे पत्र गेल्याची नोंद सापडली नाही. हे सगळे तिने चार पानांत, एकही विशेषण न वापरता लिहिले होते.

तो लेख वार्षिकांकात आला नाही. अंकाच्या स्वरूपात बसत नाही, असा शेरा मिळाला आणि त्याऐवजी जलसंधारणावर काही लिहून दे, असे तिला सांगण्यात आले. तिने लिहिले. तो निबंध छापला गेला, त्याला बक्षीसही मिळाले. निबंध चांगलाच होता, पण तो महाराष्ट्रातल्या कोणत्याही हुशार मुलीने लिहिला असता. सव्वापाचच्या गाडीचा लेख फक्त तिलाच लिहिता येत होता. ज्या समाजाला तो हवा होता त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

कुलगुरू महोदय, विद्यार्थ्यांना जे ठाऊक असते ते मोठ्या वृत्तपत्रांनाही ठाऊक नसते. ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकतो, हे त्यासाठी महाविद्यालयाच्या खिडकीशी रांग लावणाऱ्याला नेमके माहीत असते. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेत बारा तास बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला भाडे, मेसचा डबा आणि लांबलेल्या निकालाचा ताळेबंद तोंडपाठ असतो. बीडमधल्या मुलीने ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांच्या मागे धाकट्या भावंडांना सांभाळत अकरावी-बारावी केलेली असते. गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्याच्या घरी सामूहिक वनहक्क हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो. ज्या मेंढा-लेखाने तो हक्क देशात पहिल्यांदा मिळवून दाखवला, ते गाव त्याच्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. बाहेरून आलेल्या बातमीदाराला हे समजून घ्यायला महिने लागतील, आणि बहुतेकदा तेवढा वेळ त्याला कुणी देत नाही. तालुक्याच्या बातमीदाराची मिळकत आणि जाहिराती मिळवण्याची त्याच्यावरची जबाबदारी पाहता दोष त्यालाही देता येत नाही. ही पोकळी भरण्याची ताकद राज्यातल्या साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालयांत बसलेली आहे.

विद्यार्थीवयात असे लिहिता येईल का, ही शंका मराठी माणसाने तरी घेऊ नये. बाळशास्त्रींनी ‘दर्पण’ काढले तेव्हा ते विशीच्या आसपास होते. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही २४ वर्षांचे होते. त्याआधी, १८५५ मध्ये, मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला होता. मुक्ता ही जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेची विद्यार्थिनी. आपल्या माणसांच्या वाट्याला काय आले, हे तिने स्वतःच्या समाजात राहून, पाहून आणि ऐकून लिहिले. तो निबंध आज जवळपास १७० वर्षांनंतरही वाचला जातो, अभ्यासला जातो. त्या काळी तिच्या हातात काय होते? लिहायला शिकवणारी शाळा आणि छापणारे एक नियतकालिक. या दोन्ही गोष्टी आज आपल्याजवळ हजारपटीने आहेत.

असा पुरस्कार नीट कसा चालवता येतो, याचा एक जुना नमुना अमेरिकेत आहे. तिथे १९६० पासून हर्स्ट फाउंडेशनतर्फे महाविद्यालयीन पत्रकारितेचे पुरस्कार दिले जातात. पत्रकारितेचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम चालवणाऱ्या शंभराहून अधिक विद्यापीठांचे विद्यार्थी त्यात उतरतात. मला त्यातल्या चार गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, स्पर्धेसाठी छापून आलेलाच मजकूर पाठवावा लागतो. स्पर्धेसाठी म्हणून घरी बसून लिहिलेला लेख चालत नाही. दुसरी, गट पत्रकारितेच्या प्रकारांप्रमाणे पाडलेले आहेत : ताजी बातमी, शोधवार्ता, व्यक्तिचित्र, क्रीडावार्ता वगैरे. स्पर्धाही वर्षातून एकदा उरकली जात नाही, ती शैक्षणिक वर्षभर टप्प्याटप्प्याने चालते. तिसरी, विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते तेव्हा त्याच्या विभागालाही तितकेच अनुदान मिळते. चौथी, अंतिम फेरीत आलेल्यांना सॅन फ्रान्सिस्कोला बोलावून तिथल्या तिथे काम दिले जाते. अनोळखी शहरात हिंडून, माणसे गाठून, ठरलेल्या वेळेत बातमी लिहून द्यायची. ज्याने पहिला लेख स्वतः मिळवून लिहिला आहे, तोच या कसोटीला उतरतो.

या चौथ्या गोष्टीचे मोल आज विशेष आहे. यंत्राकडून हवा तसा निबंध काही सेकंदांत लिहून घेता येतो, हे आपण सगळे जाणतो. निबंध स्पर्धांचे परीक्षक त्यामुळे हवालदिल झाले आहेत. पण सव्वापाचच्या गाडीतून किती मुली कोणत्या फाट्यावर उतरल्या, हे कोणत्याही यंत्राला घरबसल्या सांगता येत नाही. त्यासाठी स्थानकावर उभेच राहावे लागते. विद्यार्थ्याने स्वतः विचार करावा, स्वतः लिहावे, अशी आपली खरोखर इच्छा असेल, तर बातमीला बक्षीस देण्यासारखा दुसरा खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.

आता हमीविषयी. अमेरिकेतल्याच एका घटनेकडे मी आपले लक्ष वेधते, कारण तिचा संबंध थेट आपल्या पदाशी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘द स्टॅनफर्ड डेली’ या विद्यार्थी वृत्तपत्रात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी थिओ बेकर याने एक वृत्त दिले. विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाविन हे नामांकित मेंदूवैज्ञानिक. ते सहलेखक असलेल्या काही जुन्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याचे आक्षेप तज्ज्ञांनी घेतले होते. बेकरने ते तपासून मांडले. तिथला अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू. विश्वस्तांनी चौकशी समिती नेमली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकरला जॉर्ज पोल्क पुरस्कार जाहीर झाला. लाँग आयलंड विद्यापीठातर्फे १९४९ पासून दिला जाणारा हा तिथल्या पत्रकारितेतला अत्यंत प्रतिष्ठेचा पुरस्कार, आणि तो मिळवणारा बेकर सर्वांत तरुण ठरला. जुलैमध्ये चौकशीचा अहवाल आला. अध्यक्षांनी स्वतः फेरफार केल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही, पण त्यांच्या प्रयोगशाळांतून निघालेल्या निबंधांत इतरांकडून फेरफार झाल्याचे आणि चुका लक्षात आल्यावरही त्या वेळेत दुरुस्त न झाल्याचे तिने नोंदवले. १९ जुलैला अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला.

एका मोठ्या माणसाला पद सोडावे लागले, म्हणून मी ही घटना सांगत नाही. त्या मुलाला विद्यापीठातून काढले नाही, त्याची परीक्षा अडवली नाही, वृत्तपत्र बंद पाडले नाही, हा तिचा गाभा आहे. ‘द स्टॅनफर्ड डेली’ १९७३ पासून विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. त्याचे संपादन विद्यार्थ्यांच्या हाती आहे. शिवाय तिथे १९७४ पासून ‘स्टुडंट प्रेस लॉ सेंटर’ ही संस्था विद्यार्थी पत्रकारांना विनामूल्य कायदेशीर सल्ला देते. हे सगळे मागे उभे होते, म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला खरे लिहिता आले. आणि त्या बातमीने अखेर विद्यापीठाचे भले केले. त्यानंतर सदोष शोधनिबंध मागे घेण्याची आणि दुरुस्त करण्याची पावले पडली. विद्यापीठाचे काम सत्य शोधण्याचे असेल, तर तिथल्या विद्यार्थ्याने विद्यापीठाचेच काम केले.

आपल्याकडे विद्यार्थ्याचा आवाज पोहोचवणाऱ्या वाटा आधीच कमी झाल्या आहेत. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका १९९४ पासून थांबल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा आणण्याची तरतूद केली, पण २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या. अशा वेळी विद्यार्थ्याच्या हाती उरते ते भित्तिपत्रक आणि वार्षिकांक. तिथेही त्याला फक्त गौरवगीते लिहायची मुभा असेल, तर तो आपले म्हणणे समाजमाध्यमांवर, निनावी खात्यावरून, पुराव्याविना आणि रागाने लिहील. ते रोज घडतेच आहे. नाव देऊन, पुरावा जोडून, दुसरी बाजू विचारून लिहायला शिकवण्याची जागा आपण दिली, तर राग माहितीत उतरतो. संस्थेच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे.

या मागणीवर कोणते आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे.

पहिला आक्षेप, विद्यार्थी चुकतील, कुणाची तरी नाहक बदनामी होईल. चुकतील हे खरे. मोठेही चुकले आहेत. कोल्हापूरच्या दिवाणांविषयी छापलेली पत्रे बनावट निघाली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हा प्रसंग आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण कागद हाती आला की आधी तो खरा आहे का ते तपासावे, हा त्यातला धडा पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी दिला पाहिजे. हेही लक्षात ठेवावे, की त्या दोघांची पुढची वाटचाल त्या चुकीपाशी संपवून टाकली गेली नाही. समाज त्यांच्या पाठीशी राहिला. आगरकर पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. चुकीच्या भीतीने लिहूच न देणे हा उपाय नव्हे. तपासायला शिकवणे, दुसऱ्या बाजूचे म्हणणे छापणे आणि चूक झाल्यास ठळकपणे दुरुस्ती देणे, हा उपाय आहे.

दुसरा आक्षेप संस्थेच्या नावलौकिकाचा. मूल्यांकनासाठी समिती येणार असते, तिच्यापुढे अंक ठेवायचा असतो, त्यात उणिवा कशा छापायच्या? मला वाटते, ज्या महाविद्यालयाच्या अंकात वसतिगृहाच्या पाण्याची बातमी आहे आणि पुढच्या पानावर प्राचार्यांनी त्यावर काय केले याचे उत्तर आहे, त्या महाविद्यालयाचा लौकिक वाढलाच पाहिजे. मूल्यांकनाच्या निकषांत याची नोंद व्हावी, असा आग्रह कुलगुरूंनीच धरावा.

तिसरा आक्षेप पैशांचा. यासाठी लागणारी रक्कम विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही, इतकी लहान आहे. शिवाय पैसा देणाऱ्याने लेखणी आपल्या हाती ठेवलीच पाहिजे, असे नाही. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. ‘मूकनायक’ बोलला तो बाबासाहेबांच्या आवाजात. देणाऱ्याचा मोठेपणा यातच असतो.

आता हा पुरस्कार प्रत्यक्षात कसा असावा, याविषयी माझ्या सूचना मांडते. आपण त्यात भर घालावी, दुरुस्त्या कराव्यात.

एक. छापून आलेलाच मजकूर स्पर्धेला घ्यावा. मात्र ‘छापून आलेला’ याचा अर्थ व्यापक ठेवावा. वार्षिकांक, जिल्ह्याचे दैनिक, साप्ताहिक, तारीख टाकून लावलेले हस्तलिखित भित्तिपत्रक, सामुदायिक रेडिओवरचे वार्तापत्र हे सगळे चालावे. आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्याला दैनिकात शिरकाव नसतो, भित्तिपत्रक मात्र त्याच्या आवाक्यात असते.

दोन. प्रत्येक प्रवेशिकेसोबत ‘ही बातमी मी कशी मिळवली’ हे सांगणारे पान जोडावे. कोणाला भेटलो, कोणता कागद पाहिला, कोणी बोलायला नकार दिला, कोणती गोष्ट पडताळता आली नाही म्हणून वगळली, हे त्यात यावे. परीक्षकांनी या पानाला लेखाइतकेच गुण द्यावेत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि त्याला तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, हे २००५ पासून कायद्यात आहे. पदवीपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक मुलाने असा अर्ज एकदा तरी स्वतः लिहिलेला असावा.

तीन. परीक्षक बाहेरचे असावेत : एक काम करणारा बातमीदार, एक संपादक, एक कायद्याचा प्राध्यापक. विद्यापीठाचे अधिकारी आणि महाविद्यालयांचे संस्थाचालक मंडळावर नसावेत. विषयही परीक्षकांनी किंवा शासकीय योजनांनी ठरवून देऊ नयेत, तो विद्यार्थ्याने शोधावा. विषय सापडणे हाच पत्रकारितेचा अर्धा भाग आहे.

चार. विद्यार्थ्याला जितकी रक्कम, तितकीच त्याच्या महाविद्यालयाच्या नियतकालिकाला द्यावी. त्यातून कागद, छपाई आणि विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च भागावा. ज्या अंकाने खरी बातमी छापण्याचे धैर्य दाखवले, त्याचा प्राचार्यांसह सन्मान व्हावा. मग पुढच्या वर्षी सव्वापाचच्या गाडीचा लेख परत करताना संपादक मंडळ दोनदा विचार करील.

पाच. अंतिम फेरी जागेवर घ्यावी. निवडलेल्या विद्यार्थ्यांना एखाद्या बाजार समितीत, जिल्हा रुग्णालयात किंवा आठवडी बाजारात न्यावे आणि सायंकाळपर्यंत बातमी मागावी. माणसांचे बोलणे अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत किंवा गोंडीत आले, तर ते तसेच ठेवण्याची मुभा असावी.

सहा, आणि सर्वांत महत्त्वाचे. विद्यापीठाने परिपत्रक काढावे, की विद्यार्थ्याच्या प्रसिद्ध लेखनावरून त्याचे अंतर्गत गुण, वसतिगृहप्रवेश, शिष्यवृत्ती किंवा दाखला अडवता येणार नाही. लेखनाविषयी तक्रार असेल, तर ती प्राचार्यांकडे न जाता विद्यापीठ पातळीवरच्या समितीकडे जावी आणि विद्यार्थ्याला तिथे बाजू मांडता यावी. विद्यार्थ्याला साथ देणाऱ्या शिक्षकालाही हेच संरक्षण मिळावे. विधी महाविद्यालये आपल्याच कक्षेत आहेत. तिथल्या प्राध्यापकांनी आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी, मागितल्यास, प्रसिद्धीपूर्वी मजकूर वाचून कायदेशीर सल्ला द्यावा. छापायचे की नाही, हा निर्णय मात्र लेखक-संपादकांचा असावा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यार्थी विकास मंडळ प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्क यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. वार्तांकनाला क्षेत्र प्रकल्प म्हणून मान्यता दिली, तर विज्ञान, वाणिज्य, शेती कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ते करू शकेल. शिकवायला माणसे नाहीत, असेही नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण वार्तांकनाच्या संकेतस्थळाचा शिक्षण विभाग विद्यार्थ्यांकडून ग्रामीण भागातील वार्तांकन करून घेतो, संपादनाचे संस्कार करतो आणि ते प्रसिद्ध करतो. निवृत्त बातमीदार जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना सत्कारासाठी बोलावतो, तसे शिकवण्यासाठी बोलवावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याला त्याचा अभिमान आहे, आणि विद्यापीठांवर त्यातून नवी कामेही आली आहेत. जुन्या ग्रंथांचे संशोधन, भाषांतर, कोश हे व्हायलाच हवे. त्याबरोबर आजचे आयुष्य आजच्या मराठीत नेमकेपणाने नोंदवणारी पिढीही घडायला हवी. आगारातल्या फलाटावर, शासकीय वसतिगृहात, ऊसतोडीच्या कोप्यांवर काय चालले आहे, हे मराठीत लिहिले गेले नाही, तर ते कोणत्याच भाषेत लिहिले जाणार नाही.

म्हणून आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे. येत्या ६ जानेवारीच्या आत आपल्या विद्यापीठाने हा पुरस्कार आणि त्यासोबतची संरक्षणाची हमी, दोन्ही एकाच परिपत्रकात जाहीर करावीत. एका विद्यापीठाने सुरुवात केली, तरी बाकीच्यांना मागे राहणे अवघड जाईल. हे पत्र वाचणाऱ्या प्राचार्यांनी परिपत्रकाची वाट न पाहता यंदाच्या वार्षिकांकात निदान एक पान बातमीसाठी राखून ठेवावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही पुरस्काराची वाट पाहू नका. वही घ्या, प्रश्न विचारा, उत्तर तपासा, खाली स्वतःचे नाव लिहा आणि छापायला द्या.



आपली,
महाविद्यालयीन वार्षिकांकाची एक माजी संपादक